काळा पडदा आणि पट्टीवरची खाच

२०२३ च्या मे महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या नांदेडच्या शाळेला एक वापरलेला लॅपटॉप देणगी म्हणून मिळाला होता. यंत्र २०१४ च्या सुमाराचे, स्मृती चार जीबी. लातूरला विज्ञान-शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते आणि तेथे दाखवायच्या सगळ्या चित्रफिती याच यंत्रात होत्या. ते फार रेंगाळते म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही चार जीबीची आणखी एक पट्टी आणून मोकळ्या खोबणीत बसवली. कळ दाबली. दिवा लागला, पंखा फिरला, काही पिपाण्या वाजल्या, पण पडदा काळाच राहिला. सकाळी एका दुरुस्तीवाल्याला यंत्र दाखवले. त्याने झाकणही न उघडता निदान केले, "सर, बोर्ड गेला. नवा टाकावा लागेल." त्या पैशांत शाळेच्या प्रयोगशाळेचे वर्षभराचे सामान आले असते. नवी पट्टी काढून पाहावी ही साधी गोष्ट आम्हाला तोवर सुचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. यंत्र मांडीवर घेऊन आम्ही लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूरला पोहोचलो.

पट्टी नीट जुळली नाही तर पडद्यावर तसा संदेश का येत नाही? कारण पडदा चालवणे हे पुढचे काम आहे. कळ दाबताच प्रोसेसर एका छोट्या कायम चिपमधला कार्यक्रम वाचू लागतो आणि यंत्राची स्वपरीक्षा सुरू होते. स्मृती सापडली, तिच्यात लिहिलेले परत वाचता आले, तरच पुढची पायरी. स्मृतीच नसेल तर पडद्यावर अक्षर काढण्याइतकीही तयारी झालेली नसते. मग यंत्राच्या हाती दोनच साधने उरतात, आवाज आणि दिवा. पिपाण्या किती व कशा वाजल्या, कोणता दिवा लुकलुकला, याची सांकेतिक भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ती यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळते.

स्मृती ही वस्तू नेहमीच अशी बोटांनी बसवायची नव्हती. आपल्या महाराष्ट्रातील पहिले उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक या संगणकाचे. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये त्याला हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या असत, आणि कडे कोणत्या दिशेने चुंबकित झाले आहे त्यावरून शून्य की एक हे ठरे. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. या स्मृतीचा एक गुण मात्र आजच्या पट्टीत नाही. वीज गेली तरी कडे आपले चुंबकत्व विसरत नसे.

विसरणारी स्मृती आली ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या १९६६ सालच्या कल्पनेतून. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र. धारित्रातला भार गळत राहतो, म्हणून तो पुन्हापुन्हा भरावा लागतो. आजच्या चिपमध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी. गळक्या रांजणात सतत पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार (लातूरकरांना ही उपमा आवडणार नाही!). पण तो इतका स्वस्त आणि छोटा निघाला की कड्यांची स्मृती मागे पडली.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि स्मृती वाढवणे हे सामान्य माणसाचे काम झाले. एका वेळी नऊ चिपा विकत आणायच्या, त्यांचे पाय न वाकवता सॉकेटमध्ये दाबायचे. आठ चिपा माहितीच्या आणि नववी राखणदार. बाकीच्या आठांची बेरीज सम की विषम एवढेच ती लक्षात ठेवी, त्यामुळे एका बिटाची चूक पकडता येई. एवढ्याने भागत नसे. स्मृती किती झाली हे बोर्डावरचे छोटे खटके हलवून यंत्राला सांगावे लागे. सगळे सुरळीत असेल तर एकच छोटी पिपाणी वाजे. स्मृतीत दोष असेल तर, पडदा चालू असल्यास, २०१ हा आकडा उमटे. शिवाय तापणे-निवणे यामुळे चिपा हळूहळू सॉकेटमधून वर सरकत. उपाय काय, तर झाकण उघडून एकेक चिप अंगठ्याने दाबायची!

पुढे चिपा पट्टीवर बसल्या, आणि जबाबदारी माणसाकडून वस्तूकडे सरकू लागली. १९९० च्या दशकात पट्टीवर एक छोटी जास्तीची चिप आली. मी किती मोठी, किती वेगाची, मला किती विद्युतदाब लागतो, ही माहिती तिच्यात नोंदलेली असते. खटक्यांचे काम संपले. दुसरी युक्ती खाचेची. स्मृतीची पिढी बदलली, विद्युतदाब बदलला, की पट्टीच्या कडेवरची खाच सरकवायची, म्हणजे चुकीची पट्टी खोबणीत बसणारच नाही. लॅपटॉपमधील डीडीआर आणि डीडीआर-२ या दोन्ही पट्ट्यांना २०० संपर्कबिंदू, पण पहिलीला २.५ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.८, खाच किंचित सरकलेली. डीडीआर-३ ला २०४ बिंदू व १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला २६० व १.२, डीडीआर-५ ला २६२ व १.१. विद्यार्थ्यांच्या हातात अशा दोन-तीन निकामी पट्ट्या द्याव्यात. हा सगळा इतिहास कडेवर बोट फिरवून कळतो.

लातूरच्या शिबिरात एका तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळा साहाय्यक होते. त्यांनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "सर, बंद पडायच्या आधी काय बदललं होतं?" मग चार्जर काढला, बॅटरी सोडवली, कळ वीस सेकंद दाबून धरली आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साठते. टेरिलिनचा सदरा काढताना होणारी चटचट आपल्याला माहीत आहेच, चिपला तेवढी पुरते. त्यांनी नवी पट्टी काढली. यंत्र सुरू झाले! बोर्ड शाबूत होता.

पुढचा भाग आम्हाला अधिक आवडला, कारण ते एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. जुनी पट्टी दुसऱ्या खोबणीत घातली. यंत्र सुरू. म्हणजे खोबण चांगली. नवी पट्टी एकटी घातली, तिरपी सरकवून, सोनेरी कड आत जाईपर्यंत, मग खाली दाबून दोन्ही चाप अडकेपर्यंत. पडदा काळा. तिची कड मऊ खोडरबराने हलकेच पुसली, कण झटकले. तरीही काळा. आम्ही म्हणालो, पट्टीच खराब. त्यांनी ती शिबिरातल्या २०११ च्या एका लॅपटॉपमध्ये घातली, आणि तो लगेच सुरू झाला.

खोबण चांगली, पट्टी चांगली, दोघांची भेट मात्र होत नाही. उत्तर पट्टीवरच्या चिठ्ठीत होते. जुन्या पट्टीवर 'पीसी३एल' असे छापले होते, नव्या पट्टीवर नुसते 'पीसी३'. वीज वाचावी म्हणून २०१० साली डीडीआर-३ ची १.३५ व्होल्टवर चालणारी जात प्रमाणित झाली, ती ही 'एल'. ती १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून तिची खाच हलवली नाही. सोय झाली ती नवी पट्टी जुन्या यंत्रात घालणाऱ्यांची. उलट बाजूने, १.५ व्होल्टची पट्टी फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या यंत्रात बिनबोभाट बसते आणि चालत नाही. पट्टीवरची छोटी चिप यंत्राला आपला विद्युतदाब सांगतेही. पण यंत्राला ते आपल्याला सांगायला तेव्हा पडदा नसतो.

साहाय्यकांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. डीडीआर-५ च्या यंत्रात नवी पट्टी घातल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण यंत्र त्या पट्टीशी वेळेचे गणित जुळवत असते. तेव्हा घाईने कळ दाबून बंद करू नये, थांबावे.

शिबिर चार जीबीवरच पार पडले, चित्रफिती अडखळत का होईना दिसल्या. नांदेडला परतल्यावर दुकानदाराने कुरकुर न करता पट्टी बदलून दिली. या वेळी काउंटरवरच चष्मा काढून आम्ही तिच्यावरचे एकेक अक्षर वाचले.