बसराई तरी आपली कुठे?

सावद्याकडे गेलो की एक हळहळ हमखास ऐकू येते: परदेशी ग्रँड नैन आली आणि आपली बसराई गेली. गंमत अशी की बसराईसुद्धा मूळची आपली नाही! ती बुटकी कॅव्हेंडिश, मूळची चीनकडची. १८३० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका उमरावाच्या काचघरात वाढली, म्हणून त्याच्या घराण्याचं नाव तिला मिळालं.

ठिबकचंही तेच. १९६५ साली इस्रायलच्या हात्झेरिम किबुत्झमध्ये नेटाफिम सुरू झाली. जळगावात भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबकचा धंदा उभा केला आणि १९९० च्या दशकात ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं आणली. कंदाच्या बागेला साधारण १८ महिने लागायचे, या रोपांना ११-१२. म्हणजे जमीन तेवढीच, पण पैसा सहा महिने आधी हातात.

पण नुसतं सामान आणून हे झालं नसतं. बाग जोपासणं, रेल्वेने दिल्लीकडे माल पाठवणं इथल्या लोकांना आधीपासून येत होतं. शिवाय नळ्या आणि रोपं जळगावातच तयार होऊ लागली. आमच्या भाषेत, कोड बाहेरचा, पोर्टिंग इथलं.

आता खरी काळजी. ही सगळी रोपं एकमेकांची हुबेहूब नक्कल, त्यामुळे एकीला लागणारा रोग सगळ्यांना लागू शकतो. त्यावरचा उपायही आयात होईपर्यंत थांबायचं? तेवढ्यात बाग संपेल. तो शोधणारी माणसं इथेच हवीत.