घड्याळाला दिलेला शब्द

बातम्यांना वेळेवरून ओळखण्याची रीत मुळात श्रोत्यांची. 'सातच्या बातम्या लागल्या' असे घरोघरी सहज म्हटले जाई. ब्रिटनमध्ये मात्र प्रसारकांनीच ती वेळ बातमीपत्राच्या नावात गोवली, आणि पुढे त्या नावाने त्यांनाच बांधून घातले.

३ जुलै १९६७ रोजी आयटीव्ही या व्यापारी दूरचित्रवाणीवर 'न्यूज ॲट टेन', म्हणजे दहाच्या बातम्या, सुरू झाल्या. अर्धा तास बातम्या प्रेक्षक पाहतील काय, ही शंका असल्याने आरंभी तेरा आठवड्यांचाच प्रयोग ठरला. बिग बेनचे ठोके आणि त्यांच्या मधून वाचले जाणारे ठळक मथळे ही त्यांची खूण बनली. १९७० च्या सप्टेंबरात बीबीसीने 'नाइन ओ'क्लॉक न्यूज' आणली. महायुद्धकाळी रेडिओवरील रात्री नऊच्या बातम्यांभोवती सारे राष्ट्र जमत असे. त्या घटकेचे मोल बीबीसीला ठाऊक होते.

परंतु नावात वेळ आली की वेळ हलविता येत नाही. नऊला लागलेला चित्रपट दहाला मध्येच तोडावा लागे, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या कंपन्यांना ते खुपे. १९९३ मध्ये त्यांनी स्थलांतराचा विचार केला, तेव्हा पंतप्रधान जॉन मेजर यांच्यापर्यंत विरोध उठला आणि बेत बारगळला. अखेर ५ मार्च १९९९ रोजी ते बातमीपत्र बंद पडले. त्याच्या जागी साडेसहा आणि अकरा या वेळा आल्या. प्रेक्षक मात्र घटले. नियामक मंडळाने कंपन्यांना जाब विचारला. इतक्यात, १६ ऑक्टोबर २००० रोजी, बीबीसीने आपले नऊचे बातमीपत्र उचलून मोकळ्या झालेल्या दहाच्या जागी नेले.

जानेवारी २००१ मध्ये आयटीव्हीवर दहाच्या बातम्या परतल्या, पण आठवड्यातील काही दिवसच त्या वेळेवर लागत. लोकांनी त्यांना नवे नाव दिले: 'न्यूज ॲट व्हेन?', म्हणजे बातम्या केव्हा? २००४ मध्ये वेळ साडेदहावर गेली. १४ जानेवारी २००८ रोजी जुने नाव जुन्या घटकेवर पुन्हा आले.

चित्रपट उद्याही पाहता येतो. बातम्यांसाठी ठरल्या वेळी हातातले काम बाजूला ठेवणारा नागरिक मात्र एकदा पांगला, की सहजी परतत नाही. नावातील आकडा हा त्याला दिलेला शब्द असतो.