गोड लागतंय, म्हणजे तयार

गुरुवार, सकाळी 9. उरले 55 तास.
केडगाव, आत्याचं घर, एप्रिल. घरी बिअर करायला 1949च्या दारूबंदी कायद्याची आडकाठी, म्हणून आल्याचं पेय: गुऱ्हाळावरचा गूळ, आलं, पाणी. बरणीत पाच दिवस आंबतंय. भंगारवाल्याकडून बिअरच्या बारा तपकिरी बाटल्या आणल्या, 650 मिलीच्या. लेबलं भिजवून काढली. प्रत्येकीच्या खांद्यावर पांढुरकं, खरखरीत कडं. क्रेटमध्ये एकमेकींना घासून पडलेलं. ब्रशनं निघेना, सोडून दिलं.

गुरुवार, संध्याकाळी 6. 46 तास.
बरणीतला फेस बसला होता. चमचाभर चाखलं. छान गोड! म्हणजे तयार. बाटल्या भरल्या, यंत्रानं पत्र्याची बुचं दाबली. अंदाजासाठी सोड्याची एक प्लॅस्टिकची बाटलीही भरून ठेवली.

हिशेब तेव्हाच करायचा. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली, की साधारण लिटरभर कार्बन डायऑक्साइड सुटतो. बाजारच्या बिअरमध्ये तो बिअरच्या अडीचपटीच्या आसपास असतो आणि काच त्याच बेतानं घडवलेली असते. माझ्या बाटलीत यीस्ट जिवंत होतं. जिभेला लागलेला गोडवा म्हणजे त्याचं उरलेलं जेवण. लिटरला 40 ग्रॅम उरली असेल, तर वायू दहापट.

शुक्रवार, दुपारी 2. 26 तास.
पडवीचा पत्रा तापलेला. प्लॅस्टिकची बाटली दाबून पाहिली, दगड. मी खूश. खरं तर त्याच मिनिटाला सगळ्या फ्रिजमध्ये जायला हव्या होत्या.

शनिवार, सकाळी 7. 9 तास.
"अरे, तुझी ती बाटली उभी राहीना. बूड फुगलंय बघ," आत्या म्हणाली.
"मुरतंय गं. संध्याकाळी उघडू."

शनिवार, सकाळी 11. 5 तास.
आत्याच्या धाकानं फ्रिज रिकामा केला आणि वीज गेली. आली की ठेवू, म्हटलं.

शनिवार, दुपारी 3:40. 20 मिनिटं.
ऊन कलून थेट क्रेटवर आलं. पेय तापलं की वायू त्यात विरघळून राहत नाही. 20 अंशांवरून 40 वर गेलं, तर तेवढ्याच वायूचा दाब दीडपटीच्या वर जातो.

शनिवार, दुपारी 4.
धाड्! आधी वाटलं, रस्त्यावर टायर फुटला. मग दुसरा आवाज, तिसरा. एकीच्या काचेनं दुसरी फुटत पाच गेल्या. पडवीत कुणी नव्हतं, एवढंच नशीब. आत्यानं मला दंडाला धरून मागं ओढलं, "हात लावशील तर बघ!" दारातूनच क्रेटवर ओली गोधडी फेकली आणि रात्री गारवा पडेपर्यंत तिकडं कुणी फिरकलं नाही.

रविवार, सकाळी.
काचा वेचताना एक खांदा अख्खा हाती लागला. चीर त्या पांढऱ्या कड्यावरूनच गेली होती. आत्यानं पडवी दोनदा धुतली. तरी चार दिवस फरशीला मुंग्या लागत होत्या. गूळ अजून शिल्लक होता.