दहा राग आणि एक यंत्र

चरणजित सिंग यांनी ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत शोधलं, असं इंटरनेटवर सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही.

सिंग मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवायचे. १९८२ साली एचएमव्हीसाठी त्यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. भैरव, ललत, तोडी, मालकंस वगैरे दहा राग आणि रोलँड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८, टीबी-३०३. रेकॉर्ड फारशी चालली नाही.

शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं ते १९८७ मध्ये. दोन्हींतला दुवा म्हणजे ३०३. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं हे यंत्र. सोळा सुरांपर्यंतचा तुकडा भरायचा, की तो फिरत राहतो. त्यातल्या ‘स्लाइड’मुळे एक सूर दुसऱ्यावर घसरत जातो; रागवाल्याला ती आयती मींडच! फ्यूचरने मात्र तुकडा तोच ठेवून फिल्टरची बटणं पिळली, आणि ॲसिड हाउस आहे ते त्या पिळण्यात.

२०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ही रेकॉर्ड विनाइलवर पुन्हा काढली, तेव्हा काहींना ती हल्लीच कुणीतरी केलेली बनवाबनवी वाटली. मग ‘आद्य’ हे बिरूद चिकटलं. तेव्हापासून लोक तिच्यात शिकागो शोधतात. ललत ललतसारखा लागलाय का, हे कुणी विचारत नाही.

सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातल्या मंचांवर हेच राग वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले.