रक्तातला विद्युतभार

सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे १९४९ साली ‘सायन्स’मधल्या निबंधाने दाखवले आणि श्रेय बहुतेक लायनस पॉलिंग यांच्या नावावर जमा झाले. कल्पना त्यांचीच होती, हे मान्य. पण कल्पना म्हणजे पुरावा नव्हे. तो उभा करण्यात मोठा वाटा हार्वी इटानो या पीएचडीच्या विद्यार्थ्याचा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केवळ जपानी वंशामुळे छावणीत डांबल्या गेलेल्या तरुणाचा. सहकाऱ्यांसह त्याने हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले, तेव्हा रुग्णांचे हिमोग्लोबिन निरोगी माणसांच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. वाहकांच्या रक्तात तर दोन्ही प्रकार सापडले. आनुवंशिकतेचा हिशेब इथेच जुळला. गडचिरोली-नंदुरबारकडच्या आदिवासी रुग्णांच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी याच तत्त्वावर चालते.