भात्यामागचे हात

1975 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मार्डी ग्रास या उत्सवाचा एक सोहळा होता. तिथं आयडा गिलरी या बाईंना ‘झायडेको अकॉर्डियनची राणी’ असा किताब मिळाला. झायडेको म्हणजे लुइझियानातल्या काळ्या क्रिओल लोकांचं नाचाचं संगीत. त्या तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या, मुलं मोठी झाली होती आणि पोटापाण्यासाठी त्या शाळेची बस चालवत होत्या. पुढं जग त्यांना ‘क्वीन आयडा’ म्हणूनच ओळखू लागलं. पण त्यांच्या हातातलं वाद्य फार लांबून आलं होतं.

1829 मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियननं अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. भात्याची हवा धातूच्या पातळ रीडवरून जाते आणि सूर उमटतो. आपली पेटीही याच घराण्यातली. जर्मन कारखान्यांनी अकॉर्डियन स्वस्त केलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेतल्या लुइझियानाच्या भातशेतीच्या मुलखात पोचलं. वीज नसलेल्या घरात नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजावरही ऐकू जाईल असा त्याचा गळा होता आणि दमट हवेत ते सारखं सुरात लावावं लागत नव्हतं. सुरुवातीच्या अकॉर्डियनांच्या पट्ट्या फिडलला सोयीच्या नव्हत्या. सी आणि डी पट्टीची वाद्यं आली, तेव्हा दोघांची जोडी जमली.

या जुन्या अकॉर्डियनला दहा बटणं असत. बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. त्यामुळं साधी चाल वाजवतानाही भात्याची दिशा सतत बदलावी लागते आणि प्रत्येक बदलाला सुरावर एक झटका बसतो. झायडेको ऐकताना पाय आपोआप हलतात, त्याचं बरंचसं कारण मला या दाब-ओढीत दिसतं.

फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या क्रिओल कष्टकऱ्यांनी हा झटका आपलासा केला. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरातलं सामान बाहेर काढायचं आणि मोकळ्या खोलीत नाचायचं. या नाचांना ‘ला-ला’ म्हणत. लेंटच्या उपवासकाळात वाद्यं बंद असत, तेव्हा टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर ‘जुरे’ गायलं जाई. अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत-संग्राहकानं 1934 मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. त्याच पिढीत अमेदे आर्दुआं हा क्रिओल अकॉर्डियनवादक होता. 1929 ते 1934 या काळातल्या त्याच्या मुद्रणांवर लुइझियानातल्या गोऱ्या फ्रेंच भाषकांचं केजन आणि काळ्यांचं झायडेको, दोन्ही संगीतं उभी आहेत. एका गोऱ्या मुलीनं घाम पुसायला रुमाल दिला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली, असं त्याचे निकटवर्तीय सांगत. 1942 मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो गेला. या नाचाच्या संगीतामागं हे दुःखही आहे, ते विसरून ते ऐकू नये.

1925 मध्ये जन्मलेल्या क्लिफ्टन शेनिएनं या परंपरेत ब्लूज मिसळला आणि बटणांऐवजी पियानोच्या पट्ट्यांचं अकॉर्डियन घेतलं. कपडे घासायच्या खाचांच्या पत्र्याला खांद्यांवर अडकवायच्या पट्ट्या असाव्यात, ही कल्पनाही त्याचीच. टेक्ससच्या पोर्ट आर्थरमध्ये विली लँड्रीनं 1946 मध्ये तसा पत्रा घडवून दिला. छातीवरचा तो पत्रा बाटल्यांच्या ओपनरनी घासत क्लिफ्टनचा भाऊ क्लीव्हलँड ठेका धरी.

आतापर्यंतची सगळी नावं पुरुषांची आली. बायका वाजवत नव्हत्या असं मात्र नाही. आयडाचा जन्म 1929 मध्ये लेक चार्ल्सचा, घर भात पिकवणाऱ्यांचं, आणि अकॉर्डियनची ओळख त्यांना करून दिली ती आईनं. पण बाईनं वाजवायचं ते घरात. नाचाच्या हॉलमध्ये खुर्ची पुरुषाची. अकॉर्डियन बाईच्या जातीला शोभत नाही, अशीच तेव्हाची समजूत होती.

कुटुंब आधी टेक्ससमधल्या बोमाँटला आणि मग 1947 च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोला आलं. युद्धकाळात आणि त्यानंतर गोद्यांमधल्या कामासाठी लुइझियानाची हजारो माणसं कॅलिफोर्नियात आली होती. कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये त्यांचे नाच भरत. गाव सुटलं तसे गावाचे दंडकही थोडे सैल झाले असावेत. मुलांच्या मागचा व्याप कमी झाल्यावर आयडांनी अकॉर्डियन पुन्हा हाती घेतलं आणि गिटार वाजवणारा भाऊ अ‍ॅल रपोन यानं त्यांना बँडसोबत उभं केलं. ही राणी लुइझियानाच्या एखाद्या क्लबात घडली नाही, दोन हजार मैलांवर घडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या वाजवत ते एकतीस बटणांचं, तीन ओळींचं अकॉर्डियन. शेनिएचा ब्लूजचा भार त्यांच्यात कमी. उजव्या हाताच्या वरच्या सुरांत चाल मोकळी, लखलखीत खेळते. पहिला अल्बम 1976 मध्ये आला. 1983 मध्ये त्यांच्या दौऱ्यातल्या मुद्रणाला ग्रॅमी मिळालं. झायडेकोचं ते पहिलं ग्रॅमी. खुद्द शेनिएला ते पुढच्या वर्षी मिळालं. 1990 मध्ये त्यांनी क्रिओल स्वयंपाकाचं पुस्तकही काढलं. 2009 मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिपचा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला.

नंतरच्या पिढीतली, 1971 मध्ये जन्मलेली रोझी लडे खुद्द लुइझियानाची. नवरा कामावर गेला की ती त्याचं अकॉर्डियन काढून एकटीच शिकत असे. त्याला कळलं, तेव्हा तो तिच्याच बँडमध्ये बेस वाजवू लागला. 1994 मध्ये तिचा पहिला अल्बम आला आणि त्यात अकॉर्डियन तिच्या हाती होतं.