सारखा प्रश्न, सारखी मोजपट्टी?

श्रोतेहो, विषय अवघड आहे, पण संकोच नको. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, तेव्हापासून मराठीत हे उघडपणे बोललं जातंय.

लैंगिक वर्तनाची प्रश्नावली सगळ्यांना सारखीच वाचून दाखवली की न्याय झाला, असं आपल्याला वाटतं. इतिहास वेगळं सांगतो.

पहिली खोट प्रश्नाच्या आधीच असते : विचारायचं कुणाला? अमेरिकेत किन्से यांनी १९५३ साली स्त्रियांवरचा ग्रंथ काढला, त्यातली आकडेवारी गोऱ्या स्त्रियांची. आपल्याकडे १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांनाच विचारलं. अविवाहित मुली त्यात आल्या २००५-०६ साली, तिसऱ्या फेरीत.

दुसरी खोट उत्तरात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावं, ६५० स्त्रिया. तक्रार सांगितली ५५ टक्क्यांनी. तपासणीत स्त्रीरोग निघाले ९२ टक्के जणींत. नुसतं विचारून थांबले असते, तर केवढं दुखणं झाकलेलं राहिलं असतं बघा!

पण आजार तपासता येतो, वर्तन कसं तपासणार? म्हणून २००६ नंतर सहा राज्यांतल्या तरुणांच्या सर्वेक्षणात, महाराष्ट्रही त्यात होता, लग्नाआधीच्या संबंधांचं उत्तर चिठ्ठीवर खूण करून बंद पाकिटात घेतलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात काही तरुणांना समोरासमोर विचारलं, तर काहींना कानाला हेडफोन लावून संगणकावर. कॉलेजच्या मुलांत जो कल दिसला, तो झोपडपट्टीतल्या मुलांत दिसला नाही. मग दोन गटांचे आकडे शेजारी मांडताना आपण वर्तन मोजतोय की विश्वास?

यावर संख्याशास्त्राची एक कसोटी आहे. एरवीची उत्तरं सारखी असलेली, पण वेगळ्या गटांतली माणसं घ्यायची. एकाच प्रश्नावर ती सतत वेगळं बोलत असतील, तर दोष प्रश्नात शोधायचा. पण यात एक अडचण आहे. एखादा गट सगळ्याच प्रश्नांवर सारखाच गप्प राहिला, तर ही कसोटी काहीच पकडत नाही. तिथे बाहेरचा पुरावाच लागतो, गडचिरोलीत होता तसा.

आणि भाषा? आपल्या अहमदपूर भागात मराठी आहे, दखनी आहे, गोरमाटी आहे. ‘संबंध’ म्हटलं की कुणाला सोयरीक आठवते. बाई ‘अंगावर पांढरं जातं’ म्हणेल. फॉर्मवरचा ‘श्वेतप्रदर’ तिला कळणारच नाही, आणि ती ‘नाही’ म्हणेल.

या ‘नाही’ची किंमत मोठी आहे. जो गट बोलतो त्याच्यावर डाग लागतो. जो गप्प राहतो त्याला गरजच नाही असं ठरतं, आणि त्याच्या वाट्याला ना दवाखाना येतो ना सल्ला. असमानांना समान वागवणं हाही अन्यायच, हे ॲरिस्टॉटलपासून आपण शिकवत आलो. प्रश्नावली घेऊन दारात जाणाऱ्यानं ते आधी लक्षात ठेवावं.

एवढं बोलून थांबतो.